बकऱ्याच्या पायातली चिठ्ठी

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बी.ए. झाले होते, टायपिंगची परीक्षा पास झाले होते आणि नागपूरला कामठी रोडवरच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला लागले होते. कंपनी बकऱ्याचं मटण आखाती देशांत पाठवायची. आई धरमपेठेतल्या बायकांना सांगायची, "एक्सपोर्टमध्ये आहे." काय एक्सपोर्ट, ते कुणी विचारलंच तर ती भाजी निवडायला लागायची.

पत्रं टाइप करणं आणि चिठ्ठ्या लिहिणं ही माझी कामं. प्रत्येक सोललेल्या बकऱ्यावर पातळ मलमल चढवायचे, मागच्या पायाला जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचे, आणि थंड ट्रकमधून माल मुंबईच्या विमानतळावर जायचा. चिठ्ठीवर मी इंग्रजीत तारीख, वजन आणि खाली मोठ्या अक्षरांत देशाचं नाव लिहायची. रोज इतक्या वेळा 'इंडिया' लिहायची की स्वप्नातही तीच अक्षरं दिसायची.

चिठ्ठ्या बांधायचे ते डॉक्टरसाहेब. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर, नरखेडकडच्या शेतकरी घरातले. तपासणी करून त्यांनी सही केल्याशिवाय ट्रक हलत नसे. स्वतः मात्र पक्के शाकाहारी. दुपारी माझ्या टेबलाशी बसून झुणका-भाकर खायचे आणि म्हणायचे, "मी खात नाई, पण खाणाऱ्याले चांगलंच भेटलं पाह्यजे."

एकदा आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. तिकडे दुकानात मटण कुठल्या देशाचं ते लिहिण्याचा नवा नियम झाला होता. दुसऱ्या एका देशाच्या मटणाला तिथे जास्त भाव होता. तेव्हा, त्यानं लिहिलं होतं, चिठ्ठीवर देशाचं नाव घालू नका, पुढचं मी बघून घेईन.

शेठनं, म्हणजे आमच्या मालकानं, पत्र वाचलं आणि मला म्हणाला, "उद्यापासून खालची ओळ सोडून दे."

डॉक्टरसाहेब दारातच उभे होते. "काहून?"

"अरे डॉक्टर, माल तोच आहे ना? एक शब्द नाई लिहिला तं तुमचं काय जाते?"

"मायं काई जात नाई. खाणाऱ्याले मात्र आपण काय खाऊन राह्यलो ते समजत नाई. पोरी, तू लिही वं. बिनानावाच्या मालावर मी सही करत नाई."

शेठ लालबुंद झाला. "मग बसा घरी!"

"बसतो," डॉक्टरसाहेब म्हणाले, आणि खरंच खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले. ट्रक अंगणात उभा होता. अर्ध्या तासानं शेठ बाहेर आला, कुणाकडे न बघता म्हणाला, "लिहा काय लिहायचं ते." मी मान खाली घालून भराभरा लिहीत सुटले. मनातून मला फार बरं वाटत होतं.

महिनाभरानं तार आली. तिकडच्या अधिकाऱ्यांनी गिऱ्हाइकाच्या गोदामात आमचा माल पकडला होता. चिठ्ठ्या गायब, वर भलत्याच देशाचे शिक्के. गिऱ्हाईक म्हणत होतं, नागपूरवाल्यांनीच बिनाचिठ्ठीचा माल पाठवला. पाठोपाठ दिल्लीहून खुलासा मागणारं सरकारी पत्र आलं. देशाची बदनामी, परवाना रद्द, असले शब्द त्यात होते. शेठ दिवसभर डोकं धरून बसला. आता चिठ्ठ्या होत्या हे सिद्ध कसं करणार? त्या तर गिऱ्हाइकानं कधीच फेकून दिल्या असतील.

डॉक्टरसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "चिठ्ठी फेकली असंन. सुतळी नाई फेकली."

"म्हणजे?"

"मी सुतळीचा फास मलमलच्या आत, पायाच्या शिरेमागून घेतो. बैलाले दावणीले बांधतो ना, ती गाठ. ओढली का आवळते. बाहेरून चिठ्ठी कापता येते, पण आतला फास राह्यते. तू लिही, मलमल काढून मागचा उजवा पाय पाहा."

मी टाइप केलं. पण ती गाठ इंग्रजीत सांगायची कशी? डॉक्टरसाहेबांनी माझ्या खुर्चीच्या पायाला सुतळी बांधून दाखवली, सोडली, परत बांधली. मी जमिनीवर बसून ती बघत बघत पत्राच्या खाली पेनानं तिचं चित्र काढलं. सरकारी पत्रात चित्र! मला लाज वाटत होती. शेठ मात्र म्हणाला, "जाऊ दे तसंच."

पुढचे कित्येक दिवस काम ठप्प होतं. ट्रक बंद, कामगार अंगणात विड्या ओढत बसलेले. मग दिल्लीहून उत्तर आलं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तपासलेल्या प्रत्येक पायात कापलेली सुतळी सापडली होती, गाठ चित्राबरहुकूम होती. आमच्यावरचा ठपका निघाला, त्या व्यापाऱ्याचा परवाना गेला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की जप्त केलेला सगळा माल नष्ट करण्यात आला.

शेठनं टेबलावर हात आपटला, जोरात हसला, सगळ्यांसाठी चहा मागवला. डॉक्टरसाहेब हसले नाहीत.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"एवढे जीव फुकट गेले वं," ते म्हणाले. "कोनाच्या पोटात तं जायाचे होते."

शेठचं हसू थांबलं. तो आपली खुर्ची सोडून उठला, चहाचा पहिला कप स्वतःच्या हातानं त्यांच्यापुढे नेऊन ठेवला आणि उभाच राहिला. माफी हा शब्द त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्या दिवशीही नाही. "साखर कमी आहे, तुम्हाले लागते तशी," एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरसाहेबांनी कप उचलला. "बसा ना गा शेठ," ते म्हणाले, "उभ्यानं काय चहा पेता."