हिरव्या लोकरीची ऑर्डर

ताई ई-कॉमर्समध्ये मास्टर्स करायला निघाली तेव्हा मी तिला सरळ म्हटलं होतं, चाळिशी दारात उभी असताना हे नसतं खूळ कशाला? आमचं दुकान लोकरीचं. खाली दुकान, वर घर. गिऱ्हाईक येतं, लोकर गालाला लावून बघतं, घासाघीस करतं आणि घेऊन जातं. गालाला लावल्याशिवाय लोकर कोण घेणार, हा माझा प्रश्न होता. ताई वाद घालतच नाही, ऐकून घेते आणि तिला हवं तेच करते. लहानपणापासून मी तिच्यावर यासाठी चिडत आले आहे.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी तिने आमचंच दुकान इंटरनेटवर चढवलं. विषय असा, की लोक टोपली भरतात आणि पैसे न देताच निघून का जातात. टोपली म्हणजे पडद्यावरची. आवडलेल्या वस्तूवर बोट ठेवलं की ती आत जाते. पहिलं गिऱ्हाईक आई. ताईने तिच्या नावाने खातं उघडलं, टॅबलेट हातात दिला आणि सराव म्हणून खरेदी करायला सांगितलं. आई दुपारी पलंगावर बसून टोपली भरायची, पण शेवटचं बटण काही दाबायची नाही. आपल्याच दुकानातून विकत काय घ्यायचं, असं तिचं म्हणणं.

टोपली अशी सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी आपोआप एक निरोप जातो. ताईने लिहिलं होतं, आपण निवडलेली वस्तू आपल्या प्रतीक्षेत आहे. आईने वाचलं आणि ही काय कोर्टाची नोटीस आहे का म्हणून विचारलं. मग भाजी निवडता निवडता काय लिहायचं ते तिनेच सांगितलं, आणि ताईने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

"अहो, हातात घेतलेलं तसंच टाकून कुठे गेलात? मी बाजूला काढून ठेवलंय. या सावकाश."

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. ताप आला, इस्पितळात नेलं, आणि घरी आणलं ते तसंच. बाबांसाठी ती गडद हिरव्या लोकरीचा स्वेटर विणत होती, त्याची एक बाही राहिली. अडकवलेल्या सुयांसकट तो कपाटात गेला, तिचा टॅबलेटही तिथेच ठेवला. बाबांनी दुकानात उतरणं सोडलं. विचारलं तर उत्तर द्यायचे, तेवढंच.

ताई पुन्हा प्रबंधाला बसली तेव्हा तिला दिसलं की आईची टोपली भरलेली आहे. जुनी असेल असं समजून तिने ती रिकामी केली. दोनेक दिवसांनी त्यात लोकर आली, गडद हिरवी. मग ती जाऊन बटणं आली, पुन्हा लोकर आली. टोपली भरायची, निरोप जायचा आणि टोपलीत काहीतरी बदलायचं. ताईने मला दाखवलं तेव्हा भर दुपार होती, शेजारचा शिंपी बाहेर कुणावर तरी खेकसत होता, आणि तरीही माझ्या अंगावर काटा आला.

मी म्हटलं, कुणीतरी खात्यात घुसलंय, पासवर्ड बदल.

"बदलला तर आईला आत येता येणार नाही," ताई म्हणाली.

माझी शिकलीसवरलेली बहीण हे बोलत होती. वर्गात इंटरनेटवरच्या व्यवहारांच्या सुरक्षेवर तासभर बोलणारी. तिने मांडणीवरची सगळी हिरवी लोकर उतरवून काउंटरखाली ठेवली आणि गिऱ्हाइकांना संपली म्हणून सांगायला लागली. जिन्याचा दिवा दिवसाही चालू ठेवायची. मी तिला वेड्यात काढलं, पण कपाट उघडायची हिंमत माझीही झाली नाही. घरात आईचं कुणी बोलत नव्हतं आणि आई सगळीकडे होती.

शेवटी तिच्या मार्गदर्शक बाईंनीच ते पकडलं. हे कोण गिऱ्हाईक, टोपली भरतं आणि कधीच काही घेत नाही? सरावाचं खातं, ताईने कबूल केलं. बाईंनी कपाळाला हात लावला. इंटरनेटवरचं दुकान सुरू करण्याआधीच ते काढायला हवं होतं, आता प्रबंधाचं ते सगळं प्रकरण चुकलं. खातं पुसा, आकडे पुन्हा मांडा. आणि तो निरोपही बदला, असं घरगुती बोलून धंदा होत नसतो. हे तातडीने केलं नाही तर या वर्षीची पदवी हुकणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खातं पुसायला बसली. मी मागे उभी होते. आईचं नाव पडद्यावर होतं, शेजारी काढून टाकायचं बटण. ताईचं बोट वर तसंच राहिलं. एवढ्यात नवी ऑर्डर आल्याची घंटी वाजली.

ऑर्डर आईची होती. गडद हिरवी लोकर, एक गुंडा, पैसे माल मिळाल्यावर. पत्ता आमचाच, वरच्या मजल्याचा.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मग ताई उठली, काउंटरखालून गुंडा काढला, नेहमीसारखा कागदात बांधला आणि वर पत्त्याची चिठ्ठी चिकटवली. ऑर्डर आली की पोचवायची, एवढंच तिला त्या क्षणी सुचत होतं. जिना चढताना तिने माझा हात घट्ट धरला होता. घराला आतून कडी होती. दिवसा आम्ही कधी कडी लावत नाही.

दार बाबांनी उघडलं. हातात आईचा टॅबलेट. चोरी पकडली गेल्यासारखे ते आमच्याकडे बघत होते.

"शेवटचं बटण चुकून दाबलं गेलं," ते म्हणाले. "आता ती बोलणार नाही का?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. तो स्वेटर बघायला म्हणून त्यांनी कपाट उघडलं होतं, टॅबलेट चार्जिंगला लावला, आणि आईने भरून ठेवलेल्या टोपलीचा निरोप समोर आला. तिचेच शब्द. जन्मभर ती त्यांना अहोच म्हणत आली होती. निरोप पुन्हा येईना, म्हणून त्यांनी इथे तिथे बोटं लावून बघितली. टोपलीत काही पडलं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बोलली. साधा फोन वाजला तरी आम्हाला हाका मारणारा हा माणूस. आमच्या ध्यानीमनी नव्हतं. लोकर हिरवीच का, तर चित्रातली तेवढीच त्यांच्या ओळखीची होती.

ताई खाली बसली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने ऑर्डर रद्द केली. कारण विचारतात तिथे लिहिलं, गिऱ्हाइकाला अजून घ्यायचं नाही. आणि बाबांचं बोट धरून तोच गुंडा पुन्हा टोपलीत टाकायला लावला.

खातं तिने पुसलं नाही. आकडेमोडीतून ते वगळलं आणि सगळं प्रकरण नव्याने लिहिलं. निरोप बदलणार नाही, असं बाईंना स्पष्ट सांगितलं. पदवी त्या वर्षी हुकली ती हुकलीच. एरवी मी तोंडसुख घेतलं असतं, त्या वेळी मला तोंडच नव्हतं.

ऑर्डर रद्द केली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वर गेले तेव्हा टॅबलेट वाजला. बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि निरोप शेवटपर्यंत वाचला. मी दारात आहे हे त्यांना कळलं नव्हतं.

"हो," ते हळूच म्हणाले. "सावकाशच येतोय."