वाढत्या अंगाचा पिंजरा

"डॉक्टर, तुमच्या त्या पिंजऱ्यात आज परत तेच!" फोनवर खरेसाहेब तापले होते. "धुवायला तीन बादल्या पाणी गेलं. तीन! रविवारी आमची जीप देवणीला चाललीय. तिथं एका ओळखीच्या माणसाच्या शेतावर हे पिल्लू देऊन टाकतो. विषय संपला."

"साहेब, लहान आहे अजून. शिकेल," मी म्हणालो.

त्या महिन्यात हे वाक्य मी चौथ्यांदा म्हणत होतो. पहिल्या वेळी माझा त्यावर विश्वास होता. आता नव्हता. त्या दिवशी मंगळवार होता, म्हणजे त्या पिल्लाच्या, रोझीच्या, हातात पाच दिवस होते.

मी सरकारी पशुवैद्य होतो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. जिल्हा झाला आणि गावात एकदम साहेबलोक वाढले. बसायला खोल्या कमी आणि बसणारे जास्त. आमच्या दवाखान्यातही एका खोलीत मधे प्लायवूडचं पार्टिशन ठोकून दोन डॉक्टर बसवले होते. अलीकडे मी, बिरादार. पलीकडे डॉक्टर सोनकांबळे, बिलोलीकडचे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी ज्युनिअर.

मी बैलाचा माणूस. देवणी वळू नुसता चार पावलं चालवून दाखवा, कोणत्या खुरात दुखतंय ते सांगायचो. पण साहेबलोकांच्या मागोमाग गावात आली ती कुत्री. अल्सेशियन, पामेरियन, असली. कुत्र्यांचं मला जेवढं येत होतं तेवढं कॉलेजच्या वहीत होतं आणि ती वही उदगीरला माळ्यावर होती. सोनकांबळे मात्र मुंबईला कुत्र्यांच्या दवाखान्यात दोन वर्षं काम करून आलेले. झालं. बंगल्यांवरून जीप यायची ती त्यांना न्यायला. मी सायकलवर. परत येताना त्यांच्या हातात लाडवांचा डबा असायचा आणि वर तो डबा माझ्यापुढे उघडून म्हणायचे, "घ्या ना सर, मी एकटा किती खाऊ?"

मी खायचो. आणि आतून जळायचो. आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, लपवून काय करू? त्या माणसाचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखायचं. एकदा एका बाईंनी दारातून विचारलं, "कुत्र्यांचे डॉक्टर नाहीत का? मग असू द्या, हे बैलांचे दिसतात." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "अहो, खरंच तर बोलली ती." बायकोवरही चिडलो.

अशात खरेसाहेब आले. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, पुण्याकडचे. त्यांच्या पत्नीला नव्या गावात करमत नव्हतं म्हणून त्यांनी अल्सेशियनचं पिल्लू आणलं होतं. तीन महिन्यांची मादी, रोझी. घरात चपला फाडते, रात्री कुठेही फिरते, म्हणून तिला पिंजरा करायचा होता. माप विचारायला आले होते. सोनकांबळे त्या दिवशी चाकूरकडे, जनावरांच्या छावणीवर होते. दुष्काळ होता. आम्ही दोघं आळीपाळीने छावणीवर जायचो.

"सोनकांबळे उद्या येतील, तेव्हा येतो," खरेसाहेब म्हणाले.

"कशाला उद्या?" मी उठलोच. "मापात काय आहे? मी सांगतो की!"

आता यात माझी चूक काय झाली ते सांगतो. आमच्याकडे शाळेचा ड्रेस घ्यायला गेलं की आई दुकानदाराला एकच गोष्ट सांगायची, वाढत्या अंगाचा द्या. बाह्या बोटांच्या खाली, चड्डी गुडघ्याच्या खाली, आणि पोरगं चौथीत गेलं तरी तोच घालतंय. मी त्याच हिशोबाने गेलो. पिल्लाला हातसुद्धा लावला नाही. मोठं अल्सेशियन डोळ्यांसमोर आणलं, गोठ्यात बैलाला मोकळं बसता यावं म्हणून सोडतो तशी चारी बाजूंनी एकेक वीत जास्त धरली आणि कागदावर लिहून दिलं. पाच फूट लांब, साडेतीन फूट उंच.

खलील मिस्त्रीने कागद बघितला. "डॉक्टरसाब, पिल्लू हाय का वासरू?"

"वाढणार आहे ते."

"हाव, पन इतकं? हे तर मीबी आत झोपतो की." त्याने केला मात्र झकास. लोखंडी गज, खाली पत्र्याचा ट्रे. तो बंगल्याच्या दारातून आत जाईना, तेव्हा दार काढून आत घेतला. मी स्वतः उभा होतो. खरेसाहेब म्हणाले, "वा, डॉक्टर! एकदम ऐसपैस." ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी पार्टिशनपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कंपाउंडरला सांगितलं.

आठ दिवसांत फोन सुरू झाले. रोझी पिंजऱ्याच्या एका टोकाला झोपायची आणि दुसऱ्या टोकाला सगळं उरकायची. रोज. गावात टँकर चार दिवसांनी यायचा आणि टँकर सोडायचे ते खुद्द खरेसाहेब. त्यांच्याच मोरीतून कुत्र्याचा पिंजरा धुतलेलं पाणी रस्त्यावर वाहायचं आणि रस्त्यावर बायका घागरी घेऊन बसलेल्या असायच्या. "त्या काही बोलत नाहीत हो डॉक्टर," खरेवहिनी मला म्हणाल्या होत्या, "नुसत्या बघतात." त्यांनी राख टाकून पाहिली, लाकडाचा भुसा टाकून पाहिला. वास जाईना. शेवटी पाणीच लागायचं.

मी काय केलं? आधी म्हणालो, लघवीचा आजार असेल. तपासलं, नव्हता. मग दूध बंद करायला लावलं. मग जंताचं औषध दिलं. पिल्लू बिचारं ठणठणीत. अडचण पिंजऱ्यात आहे हे कुठेतरी मला कळत होतं. पण कुठे आहे ते कळत नव्हतं आणि ज्याला कळलं असतं तो दहा पावलांवर बसला होता. त्याला विचारायचं म्हणजे माझं नाक मीच कापून त्याच्या हातात द्यायचं.

एकदा त्यांनीच विषय काढला. "सर, खरेसाहेबांकडं क्रेट केला म्हणं तुम्ही?" पिंजऱ्याला ते क्रेट म्हणायचे. तेसुद्धा मला टोचायचं. "केवढा केला?"

"बरोबर आहे माप," मी म्हणालो आणि पेपर उघडला.

आणि मग गुरुवारी मी जे केलं ते सांगायला आजही जीभ अडखळते. वहिनींचा फोन आला. आवाज रडवेला. "डॉक्टर, राग मानू नका. एकदा सोनकांबळे डॉक्टरांना पाठवता का? रविवारी नेणार हो तिला. हे ऐकायलाच तयार नाहीत."

सोनकांबळे पलीकडे खुर्चीत होते. त्यांच्या खुर्चीची करकर मला ऐकू येत होती.

"ते छावणीवर गेलेत, वहिनी," मी म्हणालो. "सोमवारशिवाय येत नाहीत."

"सोमवारी येऊन काय उपयोग?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शुक्रवारी छावणीवर माझी पाळी होती. तिथे एक म्हातारी कोरड्या हौदात जीभ फिरवणाऱ्या तिच्या गाईला ओंजळीतून पाणी पाजत होती. मला सारख्या वहिनीच दिसत होत्या. शनिवारी सकाळी मी सायकल काढली आणि बंगल्यावर गेलो. पिंजरा उघडा होता, पण रोझी त्यात नव्हती. वहिनींनी हॉलमधल्या ट्रंकेकडे बोट दाखवलं. ट्रंक आणि भिंत यांच्यामध्ये फूटभर जागा होती. त्यात रोझी अंग चोरून झोपली होती.

"दुपारी तिथंच झोपते," वहिनी म्हणाल्या. "तिथं कधी घाण करत नाही, बघा. उठली की दाराशी जाते."

मी ती फूटभर जागा बघितली, मग तो पाच फुटांचा पिंजरा बघितला. मग तसाच दवाखान्यात आलो, पार्टिशनच्या पलीकडे गेलो आणि म्हणालो, "सोनकांबळे, पिंजरा मोठा झाला काय हो?"

त्यांनी चष्मा काढला. "पाच फूट केला ना? खलीलनं सांगितलं मला."

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"बोललो की. तुम्ही पेपर उघडला."

मग त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. तुम्हालाही सांगतो, कधी पिल्लू पाळलं तर उपयोगी पडेल. कुत्रं आपल्या झोपायच्या जागेत घाण करत नाही. पण जागा तेवढीच हवी. त्यात ते डोकं वर न आपटता उभं राहिलं पाहिजे, गोल फिरता आलं पाहिजे आणि पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजायचं आणि वर चार बोटं धरायची. त्याहून जास्त दिली की ते एक टोक झोपायला आणि एक टोक मोरीला वापरतं. हुशार असतं म्हणूनच वापरतं. शिवाय झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर न्यायचं. तीन महिन्यांचं पिल्लू तासन् तास धरून ठेवू शकत नाही.

"मग आता नवा पिंजरा?" मी विचारलं. "आज सांगून उद्या कोण करून देणार? आणि दोन महिन्यांनी तो पण लहान होणार."

"नवा कशाला, सर? मोठ्या कुत्र्यालाच तर केलाय तुम्ही. थोडा जास्तच ऐसपैस हाय, पन चालतं. आतून एक आडवी फळी टाका. पिल्लू वाढलं की फळी सरकवायची."

एवढंच. एक फळी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तो स्वतःवर की त्यांच्यावर, देव जाणे. औषधाचं एक रिकामं खोकं मोडलं, फळ्या जोडल्या, दोघं त्यांच्या स्कूटरवर बंगल्यावर गेलो. सोनकांबळेंनी रोझीला मांडीवर घेऊन मोजलं. मी फळी तारेने गजांना बांधली. खरेसाहेब कमरेवर हात ठेवून बघत होते.

"साहेब, उद्याची जीप थांबवा," मी म्हणालो. "चार दिवस द्या."

"आधी ऐकलंय मी तुमचं, डॉक्टर."

"ह्या वेळी ऐका, साहेब," सोनकांबळे म्हणाले. "बिरादार सरांनी लई डोकं चालवलंय. पिंजरा एकदाच करायचा आणि फळी सरकवत न्यायची, ही आयडिया त्यांचीच."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रोझीच्या कानामागे खाजवत होते. मी म्हणायला हवं होतं, नाही साहेब, माझी नाही. तोंड उघडलंसुद्धा. आणि वहिनींनी माझ्यापुढे चहाचा कप धरला, तो मी घेतला.

रविवारी सकाळी ट्रे कोरडा. सोमवारी कोरडा. मंगळवारी पहाटे वहिनींना तिला बाहेर न्यायला उशीर झाला म्हणून ओला. मग पुढे कोरडाच. जीप रोझीशिवाय गेली. खरेसाहेबांनी क्लबात सगळ्यांना सांगितलं आणि मला न्यायला जीप येऊ लागली. मला! एका पामेरियनसाठी, एका लॅब्रेडोरसाठी. लाडूसुद्धा आले. मी डबा सोनकांबळेंपुढे उघडला, तर त्यांनी दोन लाडू घेतले आणि तोंडात घास असतानाच म्हणाले, "सर, त्या गुरुवारी मी इथंच होतो बरं का. प्लायवूड लई पातळ हाय."

आवाजात राग नव्हता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं, यावर मी महिनाभर जळलो होतो. पण ते शिकून घेता येतं. हे दुसरं जे होतं, माझं खोटं ऐकूनही मला श्रेय देणं, त्यावर जळून काही उपयोग नव्हता. तरी जळलो.

पंधरा दिवसांनी फळी सरकवायला मी एकटाच बंगल्यावर गेलो. रोझी चार बोटं वाढली होती. तार सोडली, फळी मागे घेतली, पुन्हा बांधली. मग उभा राहिलो आणि म्हणालो, "वहिनी, ही आयडिया सोनकांबळेंची. आणि तुमचा फोन आला तेव्हा ते दवाखान्यातच होते. मी खोटं बोललो."

वहिनींनी रोझीला उचलून घेतलं, जरा घट्टच, आणि त्या म्हणाल्या, "ती गेली असती, डॉक्टर."

"हो," मी म्हणालो.

त्या बंगल्यावरून मला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. पुढच्या वेळी फळी सोनकांबळेंनी सरकवली, त्यापुढच्या वेळीही. रोझी मोठी झाली, फळी निघाली आणि खरेसाहेबांच्या बदलीत तो पिंजरा ट्रकमध्ये चढवताना पुन्हा दार काढावं लागलं, असं खलील सांगत होता.

मी कुत्र्यांचं शिकलो. रोज दुपारी सोनकांबळेंकडून, वही घेऊन. बरंच येतं आता. तेव्हा सल्ला फुकट देतो. पिंजरा मोठ्या कुत्र्याच्या मापाने करा आणि आत फळी घाला. पिल्लाला हात लावून मोजल्याशिवाय कागदावर आकडा लिहू नका. आणि माप माहीत नसेल, तर ज्याला माहीत आहे त्याला पहिल्याच दिवशी विचारा. माझ्यासारखं शनिवारपर्यंत थांबू नका.