मंडईचे तिकीट

मी खजिनदार होईपर्यंत आमच्या गावच्या नाटक मंडळाचा हिशेब कधी जुळला नव्हता. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरे आणि त्या रात्री नाटक होई. गॅसबत्त्या, पडदे, नटांची ड्रेपरी सगळे गोंदियाहून भाड्याने यायचे. मंडप खचाखच भरायचा, पण गल्ल्यात खडखडाट. कारण मंडईला घरोघरी पाहुणे येत, आणि पाहुण्याला तिकीट मागायचे नाही ही गावाची रीत. तूट अध्यक्ष घरचे धान विकून भरत आणि वर हसत. मला त्या हसण्याचा राग यायचा.

मी नुकताच मास्तर झालो होतो, अंगात शिस्त मावत नव्हती. तिकिटाशिवाय कोणालाच आत सोडायचे नाही, असे मी बैठकीत ठरवून घेतले. मंडळच बुडाले तर पाहुण्यांना नाटक कुठले दाखवणार, हा माझा मुद्दा कोणाला खोडता आला नाही.

शेजारची काकू विधवा होती. एकुलती एक लेक आमगावला दिलेली, ती वर्षातून एकदा, मंडईलाच माहेरी यायची. लहानपणी त्या घरी मी कितीदा जेवलो असेन. मंडईच्या संध्याकाळी मंडपाच्या दारावर मी तिच्या जावयाला तिकीट मागितले. काकू मागून म्हणाली, "जावई होय बापा तो. त्याले तिकीट मांगून राहिला काऊन?"

नियम सगळ्यांना सारखा, असे मी सांगितले. जावयाने तिघांचे पैसे दिले, सासूचेसुद्धा. सकाळी तो बायकोला घेऊन न जेवताच निघून गेला. काकूने केलेले वडे तसेच राहिले.

त्या वर्षी मंडळाला पहिल्यांदाच पैसे उरले. मी हिशेब वाचला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मला त्या गोड लागल्या. याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या मंडईला जावयाने लेकीला धाडले नाही. काकू एकटीच दारावर आली, पदराची गाठ सोडून तिने पैसे माझ्यापुढे ठेवले.

"यंदा पाहुना नाही आला. माह्या एकटीचं घे."

मागे रांग होती. तिचे पैसे परत केले असते तर सगळ्यांचे करावे लागले असते. मी तिकीट फाडून दिले. तिने ते घेतले, कमरेला खोचले आणि मंडपात न शिरता घराकडे चालू लागली.