एक बादली रोपं

आमच्या शेजारी राहणारा तो गच्चीवर कापलेल्या पिंपांत पाण्यावर तरंगणारी रोपं वाढवतो. काचेच्या टाकीसाठी लोक ती विकत नेतात. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दम भरतो, "पावणं, जादा झाली तर उन्हात वाळवा. खणीत टाकलासा तर मासं गुदमरून मरतील."

त्याच्याकडून नेलेली माझी रोपं जादा झाली, तेव्हा कंटाळा करून मी बादलीभर रोपं आमच्या घरामागच्या, पाणी साठलेल्या जुन्या दगडी खणीतच ओतली.

आता सगळी खण झाकली गेली आहे. रोज सकाळी तो कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती ओढून काढतो. मोकळं केलेलं पाणी दोन दिवसांत पुन्हा दिसेनासं होतं.

काल मेलेले मासे काठावर ठेवत तो मला म्हणाला, "टाकली कुणीबी असूदे, इकली मीच की. माझंच पाप हाय, व्हय न्हवं?"

मी "व्हय" म्हणालो.