वजाबाकी सर आणि दोन मिनिटं

"छत्रीतलं सगळ्यात महत्त्वाचं काय? कापड ना? मग तेच काढा!"

लकडगंजात प्लायवूडच्या दुकानावरच्या खोलीबाहेर मी हे ऐकलं आणि वाटलं, चुकीच्या क्लासला आले. आत एक निवृत्त कारखाना-सुपरवायझर नुसत्या काड्यांची छत्री डोक्यावर धरून उभे होते. धंद्यासाठी नव्या कल्पना कशा शोधायच्या हे ते शिकवत. सगळे त्यांना वजाबाकी सर म्हणत.

पद्धत एकच. वस्तूचे भाग लिहायचे, सगळ्यात गरजेचा खोडायचा आणि उरलेलं कुणाच्या कामी येईल ते शोधायचं. ती छत्री पुढच्या बाकावरच्या काकूंनी मोजे वाळवायला मागून नेली, तेव्हा सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. नियमही एकच. भाग खोडल्यावर दोन मिनिटं कुणी 'पण' म्हणायचं नाही. म्हणेल त्यानं खालून सगळ्यांसाठी चहा आणायचा.

घरीही त्यांचं हेच. दाराची बेल काढून टाकली होती. "ज्याले खरंच काम आहे, तो हाक मारते," असं त्यांचं म्हणणं.

"सिलिंडरवाला दोनदा वापस गेला," त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. "आता याह्यलेच वजा करा लागते."

मी इंग्रजी शाळेतली. मराठी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा, म्हणून मी बोलतच नसे. सरांचा गैरसमज झाला. "पाहा ही पोरगी! एकदाही पण नाही. याले म्हणतात शिस्त!"

मग एकदा माझी वही त्यांच्या हाती लागली. पानोपानी 'बट', 'बट', 'बट'. सरांनी चष्मा काढला. "अवं, मी दोन मिनिटं म्हटलं होतं. तू तं दोन महिने गप बसली!"

सर आता मुलीकडे रायपूरला असतात. तिथली बेल शाबूत आहे म्हणे. पण निघण्याआधी, शेवटच्या वर्गात, त्यांनी आमची पेटी टेबलावर ठेवली होती.

माझे बाबा संत्र्यांसाठी लाकडी पेट्या बनवतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांपुढे काम इतकं कमी झालं होतं की त्यांनी लाकूड कापायचा आरा विकायला काढला होता. त्या दिवशी ते मागे बसले होते, थट्टा करायच्या तयारीनं.

सरांनी फळ्यावरचे 'खिळे' खोडले. पेटीच्या सुट्या फळ्यांना खाचा पाडायच्या, त्यांची चळत रचून नरखेडच्या संत्र्याच्या बागेत न्यायची, पेटी तिथेच खाचेत खाच बसवून जोडायची. थट्टा विसरून बाबा उभेच राहिले. "एका गाडीत केवढ्या पेट्या जातीन!" आणि लगेच बागवाल्याला फोन लावला. "भाऊ, घरच्या साऱ्या फळ्या आजच कापतो. एकदम घट्ट खाचा!"

'पण' म्हणायला घड्याळात अजून दीड मिनिट होतं. सगळे शिस्तीत गप्प.

बागेत पेट्या रात्रभर दंवात पडून असतात. आणि लाकूड ओलाव्यानं काय करतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या बाथरूमचं दार दर पावसाळ्यात फुगतं. एकदा आत अडकले तेव्हा हाक मारायची लाज वाटली म्हणून मी अर्धा तास बादली उपडी घालून बसले होते.

बाबा फोनवर म्हणाले, "हो हो, आताच आरा लावतो."

मी उभी राहिले.

"पण सर, दंवानं लाकूड फुगतं. बाबा, खाचा सैल ठेवा. आणि चहा मी आणते."