शून्य किलोमीटरच्या पुढची बाग

मालवाहू बोटीवर स्वयंपाक करणारी यागोदा गावांची नावं घेत नसे. डॅन्यूबवरचे सगळेच खलाशी तसे. मुखापाशी, समुद्राकाठच्या दीपगृहाला शून्य, आणि तिथून वर किलोमीटर मोजत जायचं. बेलग्रेड म्हणजे अकराशे सत्तर, आणि तिचं माहेर चौदाशे.

चौदाशेला तिच्या वडिलांची आलुबुखाराची बाग होती. मुळं दुखावतात म्हणून तिथे कुणाला बूट घालून फिरकू देत नसत, पाद्रीबाबांनासुद्धा नाही. यागोदा सात वर्षांची असताना पुराने काठ कापला आणि बेचाळीस झाडं मातीसकट गेली. वडील मरेपर्यंत नदीला चोरटी म्हणत राहिले. यागोदाच्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळत राहिला: नेली कुठे?

सव्वीस वर्षं तिने खलाशांना माशांचा लालभडक रस्सा वाढला. सात देश पालथे घातले, पण माल दरवेळी दीडशेलाच उतरायचा आणि बोट माघारी वळायची. आता ही शेवटची फेरी, आणि नशिबाने गहू थेट शून्यापर्यंत न्यायचा होता.

"मावशी, शून्य आलं! या बाहेर, रस्सा काही पळून जात नाही," कप्तान तिहोमिरने हाक मारली.

ती हात पुसत धावली. समोर जुनं दीपगृह, त्याच्याभोवती घरं, गवत, चरणाऱ्या गायी. समुद्राचा पत्ताच नाही.

"म्हातारीची चेष्टा करतोस होय रे? समुद्र कुठाय?"

"अजून बराच पुढे. दीपगृह बांधलं तेव्हा इथंच होता. नदी गाळ आणत गेली, तसा तो मागे सरकला. आकडे तेवढे जुनेच राहिले."

"गाळ म्हणजे कुणाची माती?"

"सगळ्यांचीच. जर्मनांची, हंगेरियनांची. चौदाशेचीही असेल की!"

यागोदाच्या अंगावर सर्रकन काटा आला. सात देशांचे काठ खरवडून नदीने इथे समुद्र हटवला होता, आणि वर गायी चरत होत्या. एवढं मोठं काम, आणि वडील तिला चोरटी म्हणत बसले! तिचे डोळे भरून आले.

बोट धक्क्याला लागताच ती उतरली आणि दीपगृह मागे टाकून समुद्राच्या दिशेने चालू लागली. घरं संपली, गवत सुरू झालं.

"मावशी, चिखल आहे तिकडे!" तिहोमिर ओरडला.

यागोदा थांबली. खाली वाकून तिने दोन्ही बूट काढले, हातात घेतले, आणि मग आत पाऊल टाकलं.