शंखातल्या वळ्या

माझ्या नवऱ्याला माझ्या बहुतेक सगळ्या खोडी ठाऊक आहेत. ही एक नाही. आईला सांगायची राहिली, ती गेली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात, तरी आता काय व्हायचं राहिलंय?

मी बीडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. समुद्र इथून कुठच्या कुठे, आणि माझा आवडता प्राणी कोणता, तर शंख. देवघरातला, तोच. दर वर्षी मुलांना सांगते की ही समुद्रातली गोगलगाय आहे आणि ती मांसाहारी आहे. वाळूत अर्धी रुतून बसते, लांब सोंड बाहेर काढते आणि वाळूतले किडे त्यांच्या बिळातच गाठून खाते. वर्गात कुणीतरी माळकरी घरातलं, कुणी आमच्यासारखं लिंगायत — हमखास तोंडं वाकडी होतात, आणि मला मजा वाटते. मग ओळखायचं कसं ते सांगते. कवच जड. वरची तपकिरी साल निघाली की पांढरंशुभ्र. आणि तोंडात बोट घातलं की आतल्या खांबावर वळ्या लागतात, तीन नाहीतर चार. वळ्या असतील तर शंख, नसतील तर दुसरं काहीतरी. ‘बोट घातल्याशिवाय नाव घेऊ नका’ — हे मी इतक्यांदा म्हणते की पोरं माझी नक्कल करतात.

हे वाक्य मी कुठे शिकले, ते त्यांना माहीत नाही.

माझ्या भावाचं लग्न झालं तेव्हा वहिनीबरोबर एक शंख आमच्या घरी आला. वहिनी उमापूरची, वडलांचं किराणा दुकान, एकुलती एक लेक. तो शंख त्यांच्याकडे आजोबा-पणजोबांपासून होता. दक्षिणावर्ती — म्हणजे निमुळती नळी वर करून शंख समोर धरला की तोंड उजवीकडे येतं. नेहमीच्या शंखाचं डावीकडे येतं. असा उजवा क्वचित सापडतो, म्हणून लक्ष्मीचा मानतात. वहिनीचे वडील, तात्या, दर वर्षी तो तांबड्या फडक्यात गुंडाळून कपिलधारला न्यायचे आणि धारेखाली धुऊन आणायचे. मुलगा नाही, म्हणून लेकीला दिला. तो आला आणि आमच्या आईला दुसरा विषय उरला नाही. आमच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं — शंखामुळे. बाबांचा गुडघा दुखायचा थांबला — शंखामुळे. मी एम.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात, डोळे फुटेस्तोवर अभ्यास करून — तेही शंखामुळेच.

हसू येतंय ना? मला तेव्हा आलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

पंचमीला तात्या लेकीला न्यायला आले होते. शेजारचे लोक बसलेले, आणि आईनं पुन्हा शंखाचं पुराण लावलं. मी देवघराच्या दारात उभी होते. तिथूनच, शंखाला हातसुद्धा न लावता, म्हणाले की हा शंख नव्हेच. अमेरिकेकडच्या समुद्रात एक दुसरी शिकारी गोगलगाय असते, तिचं कवच जातीनंच उजवं, आणि तेच घासूनपुसून इकडे दक्षिणावर्ती म्हणून खपवतात. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं — पुस्तकात. पण मी पुस्तकाबद्दल कुठे बोलत होते?

वहिनीनं मान खाली घातली. तात्या म्हणाले, “ताई, तुमी शिकलेल्या. तुमी म्हंता तर तसंच आसंल. माज्या आज्ज्यालाच कुनी तरी फसिवलं म्हना की.” आणि हसले. लेकीच्या सासरी बापाला जसं हसावं लागतं तसं.

इथवर म्हणाल तर आगाऊपणा. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

जेवणं झाली. आईनं शंख देवघरातून काढून ओट्यावर ठेवला होता, खरकट्या भांड्यांच्या शेजारी. मी तो उचलला — का, कुणास ठाऊक. चांगलाच जड होता. बोट आत घातलं. एक वळी लागली. मग दुसरी. मग तिसरी. मी पुन्हा चाचपून पाहिलं, कारण मला त्या नको होत्या.

बाहेरच्या खोलीत तात्या टोपी घालत होते. मध्ये फक्त एक पडदा होता. पडदा सारायचा आणि म्हणायचं, तात्या, चुकलं माझं. जमलं नाही? — नाही, जमलं असतं. मी केलं नाही. वहिनी आत आली, माझ्याकडे न बघता तिनं हात पुढे केला आणि मी शंख तिच्या हातात दिला. तिनं तो त्याच तांबड्या फडक्यात बांधला. मी भांडी विसळायला घेतली.

तात्यांनी वाट वाकडी करून तो गोदावरीत सोडला. खोटी चीज देवात ठेवू नाय, म्हणाले. वहिनी सोबत होती, तिनंच मला नंतर सांगितलं. पुढे त्यांनी कपिलधारला जाणं बंद केलं. धुवायला काय राहिलंय, असं विचारायचे. आपला आजा फसला आणि आपण ती फसवणूक लेकीच्या पदरात घातली, असं समजूनच ते गेले.

वहिनीच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. उलट ती पाहुण्यांना कौतुकानं सांगते, “वन्सं होत्या म्हनून कळलं, न्हाईतर आमी अजून खोट्यालाच हळद-कुंकू व्हात बसलो असतो.” मी तेव्हा चहा ठेवायला उठते.

आता तिची मुलगी पल्लवी माझ्याच वर्गात आहे. गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलला मी कॉलेजचा शंख फिरवला, नेहमीचा, डावा. पल्लवीनं बोट आत घातलं आणि थांबली. वर्गात ती मला मॅडम म्हणते. त्या दिवशी हळूच म्हणाली, “आत्या, आजोबांच्या शंखात ह्या वळ्या न्हवत्या का?”

तिच्या तोंडावर संशय नव्हता. नुसतं कुतूहल होतं. तात्या नाहीत, आई नाही, शंख नाही. मग मला कुणाची भीती होती?

“नव्हत्या,” मी म्हणाले. “मी बोट घालून बघितलं होतं.”

तिनं मान हलवली आणि शंख पुढच्या मुलीकडे दिला.